चेरोकीला मागे डिस्क: जुन्या ग्रँड चेरोकीचे भाग कसे ठरतात?

जीप चेरोकीच्या जुन्या एक्सजे मॉडेलच्या मागच्या ड्रम ब्रेकऐवजी डिस्क ब्रेक बसवायचे, तर अमेरिकेत स्वस्त पर्याय म्हणजे भंगारातल्या १९९३ ते १९९८ च्या ग्रँड चेरोकी झेडजे मॉडेलचे भाग, पण मागे डिस्क असलेल्याच गाडीचे. चाकाची पाच बोल्टची मांडणी, ११४.३ मिमी, दोन्ही गाड्यांत तीच.

खरेदी करताना दोन्ही बाजूंच्या बॅकिंग प्लेट (ब्रेकमागची आधाराची तबकडी), कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), ब्रॅकेट आणि हँडब्रेकच्या केबल एकत्र काढून घ्या. केबल विसरलात तर ड्रमची केबल इथे बसत नाही. डिस्क, पॅड आणि रबरी नळ्या मात्र नव्याच घ्या, तिथे कंजुषी नको.

सी-क्लिपचा ॲक्सल (ज्यात चाकाचा शाफ्ट आतून सी आकाराच्या क्लिपने अडकवलेला असतो) असेल तर डिफरन्शियलचं, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या पेटीचं, झाकण उघडून शाफ्ट बाहेर काढावाच लागतो. मग तेल आणि सीलही त्याच वेळी बदला. बॅकिंग प्लेटचं मधलं भोक ॲक्सलवर अडलं तर थोडं घासून घ्या.

घोटाळा होतो प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे मागच्या ब्रेकला किती दाब जाईल ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये. डिस्कला ड्रमपेक्षा जास्त दाब लागतो. ड्रमचाच व्हॉल्व्ह ठेवला तर मागचे ब्रेक नावापुरते लागतात. झेडजेच्या व्हॉल्व्हमधली स्प्रिंग व प्लंजर बसवा, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा, मोकळ्या रस्त्यावर तपासा: जोरात ब्रेक दाबल्यावर पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत.

थांबण्याचं अंतर फारसं घटत नाही. चिखल-पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक लगेच लागतात, पैसे त्याचेच. हँडब्रेक मात्र डिस्कच्या आतल्या छोट्या ड्रमवर असतो. त्या ड्रमला आतून घासणारे शू नीट ॲडजस्ट न केल्यास चढावर गाडी सरकते.