ट्रेलर उघड्यावर ठेवायचा तर: कव्हर, छप्पर की नुसतं वॅक्स?

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, रस्त्यावर धावतो त्याच्या कितीतरी पट जास्त काळ तो नुसता उभा असतो. ज्यांच्याकडे बंदिस्त गॅरेज आहे त्यांचा प्रश्न मिटलेला आहे. बाकीच्यांपुढे साधारण तीन वाटा असतात: अंगभर कापडी कव्हर, खांबांवरचं उघडं छप्पर, किंवा वर काहीच न घालता वॅक्स करून निगा राखणं. मी तिन्ही वापरून पाहिलंय आणि आता एका जागी स्थिरावलोय. तुमची जागा, तुमचं हवामान वेगळं असेल, त्यामुळे माझंच खरं असं म्हणणार नाही. पण कल कुठे आहे ते लपणारही नाही.

ताडपत्रीला मी या तिघांच्या पंक्तीत बसवत नाही. तिच्यातून हवा खेळत नाही, आतली ओल आतच कोंडते, वाऱ्यात तिच्या धातूच्या कड्या पत्र्यावर आपटत राहतात आणि उन्हाने तिचे पापुद्रे सुटले की ते महिनोन् महिने आवारात सापडत राहतात. छतावरचं व्हेंटचं झाकण फुटलं आणि रात्री पाऊस येणार आहे, एवढ्यापुरती ती ठीक.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण निवड तिच्यावर ठरते. उघड्यावर ठेवलेल्या ट्रेलरचं नुकसान पावसाने होतं असं सगळ्यांना वाटतं. पाऊस नुकसान पुरं करतो, पण सुरुवात उन्हाची असते. अतिनील किरणांनी फायबरग्लासवरचं जेलकोट (वरचा चकचकीत थर) निस्तेज होतं आणि बोट फिरवलं की पांढरी पूड लागते. स्टिकरच्या पट्ट्यांना चिरा पडतात. ईपीडीएम रबराचं छत असेल तर त्याचीही पूड होऊन पावसाबरोबर बाजूंवर पांढरे ओघळ येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हेंट, अँटेना, कडेची पट्टी यांच्याभोवतीचं सीलंट (फटी बुजवणारा लेप) कडक होऊन कडेने सुटायला लागतं. पाणी शिरतं ते या केसाएवढ्या फटीतून. ते थेट खाली टपकतही नाही, प्लायवुड आणि इन्सुलेशनमध्ये मुरत जातं. आतल्या भिंतीवर डाग दिसतो तेव्हा लाकूड बहुधा मऊ झालेलं असतं. म्हणून कुठलाही उपाय तोलताना मी दोन गोष्टी पाहतो: ऊन किती अडतं, आणि छतावरची फट मला वेळेत दिसते का. दुसरी गोष्ट फारसं कुणी विचारात घेत नाही.

आता कव्हर. कागदावर हेच सगळ्यात चांगलं दिसतं. ऊन चारी बाजूंनी अडतं, धूळ बसत नाही, झाडाचा डिंक आणि पक्ष्यांची घाण कापडावर थांबते. जागा भाड्याची असली तरी चालतं, कारण काही बांधायचं नसतं. कापडात मात्र फरक असतो. न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या थरांचं कव्हर हलकं आणि स्वस्त, पण कडक उन्हात तेच आधी विरतं. विणलेलं पॉलिएस्टर किंवा धाग्यातच रंग असलेलं अ‍ॅक्रिलिक बरीच वर्षं काढतं, पण वजनदार असतं. ड्यूपाँटचं टायवेक पाणी अडवून वाफ बाहेर सोडतं, म्हणून काही कव्हरांच्या छताला ते लावलेलं असतं. आतली वाफ बाहेर जाणं ही खरी कसोटी. कापड पूर्ण पाणबंद असण्यापेक्षा वाफ सोडणारं असणं जास्त कामाचं.

माझं कव्हरशी बिनसलं ते कापडावरून नव्हे, तर ते चढवण्या-उतरवण्यावरून. दुकानात घडी उलगडून दाखवतात तेव्हा ते किती सोपं वाटतं! प्रत्यक्षात भलामोठा गठ्ठा शिडीवरून छतावर न्यायचा, तिथे गुडघ्यांवर बसून दोन्ही टोकांकडे उलगडत जायचं, आणि ते एसीच्या खोक्याला, मग व्हेंटच्या झाकणाला, मग अँटेनाला अडकत जाणार. खालून दुसरा माणूस ओढत असतो आणि वर काय अडकलंय हे त्याला दिसत नाही. सकाळी दव असेल तर रबराचं छत निसरडं, दुपारी वारा सुटला की कापडाचं शीड होतं आणि तुम्ही त्याच्या टोकाला. म्हणजे काम करता येईल अशी वेळ दिवसात थोडीच उरते, आणि त्याच वेळेला दुसरा माणूसही मोकळा हवा. पावसानंतर काढायचं असेल तर ते ओल्या घोंगडीसारखं जड झालेलं असतं आणि तसंच घडी करून ठेवलं तर बुरशी धरतं.

यात चिडचिड होते हे तर झालंच, पण खरं नुकसान पुढचं आहे. काढणं इतकं जिवावर येतं की माणूस ते काढतच नाही. दोन दिवसांची सुट्टी आली तरी ‘कोण आता कव्हर काढणार’ म्हणून ट्रेलर जागेवरच राहतो. छत बघायला शिडी लावावी तर कापडाखालचं काही दिसत नाही. माझ्या ट्रेलरच्या न्हाणीघराच्या व्हेंटभोवतीचं सीलंट एका कडेने सुटलं होतं; नख घातलं तर आत जाईल एवढी फट. ती कधी पडली ते मी आजही सांगू शकणार नाही, कारण त्या सगळ्या काळात वर कव्हर होतं. नशिबाने पाणी मुरलेलं नव्हतं, कव्हरने ते अडवलं होतं हे त्याचं श्रेय मान्य करायला हवं. पण ट्रेलरचं रक्षण करणारी वस्तू ट्रेलरच आपल्यापासून झाकून ठेवते, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

शिवाय घासणं. कव्हर कितीही आवळलं तरी वाऱ्यात थोडं हलतंच, आणि कापड व जेलकोट यांच्यामध्ये अडकलेली बारीक धूळ पॉलिश पेपरचं काम करते. माझ्या ट्रेलरच्या पुढच्या वळणदार भागावर, पट्ट्याचं बक्कल जिथे यायचं तिथे, तळहाताएवढा निस्तेज डाग आहे. कंपाउंड (घासून वरचा थर काढणारी पेस्ट) लावून तो फिका झाला, गेला नाही. खिडक्या अ‍ॅक्रिलिकच्या असतील तर हे ओरखडे आणखी लवकर पडतात. तुमची जागा भिंतींच्या आडोशाला असेल तर कदाचित हा त्रास होणारही नाही.

छप्पर म्हणजे चार-सहा लोखंडी खांब आणि वर पत्रा, बाजू मोकळ्या. कव्हरपेक्षा खर्च बराच जास्त, जागा स्वतःची हवी, बांधकामाची परवानगी लागत असेल तर तीही घ्यायची. उंचीचा हिशोब एसी धरून करायचा. एसीसकट बरेच ट्रेलर 10 ते 11 फूट भरतात, तेव्हा आत जायची उंची 12 फुटांहून कमी नको, आणि लांबी मोजताना पुढची ओढणदांडी विसरायची नाही. खांब जमिनीत नीट गाडलेले हवेत. मोकळ्या छपराला धोका वजनापेक्षा खालून उचलणाऱ्या वाऱ्याचा असतो. बर्फ पडणाऱ्या ठिकाणी मात्र वजनाचाही हिशोब लागतो आणि उतार जास्त ठेवावा लागतो.

उणिवा आहेतच. थंड रात्री पत्र्याच्या खालच्या बाजूला दव धरतं आणि पहाटे ते टपकतं. पक्ष्यांना आडव्या सळ्या फार आवडतात आणि त्याचा प्रसाद ट्रेलरला मिळतो. तिरकं ऊन बाजूंवर येतंच. ट्रेलरची दोन टोकं पूर्व-पश्चिम केली तर सकाळ-संध्याकाळचं ऊन लांब बाजूंना चुकतं, पण उत्तर गोलार्धात हिवाळ्यातला खालचा सूर्य दक्षिणेकडची लांब बाजू पकडतो. मी त्या बाजूला खांबांवर शेडनेट ताणलंय, ट्रेलरच्या अंगाला लागणार नाही इतकं दूर. छतावर सोलर पॅनल असतील तर छपराखाली ते जवळपास निकामी. हे कव्हरलाही लागू आहे, पण छप्पर बांधताना लोकांच्या ते लक्षात येत नाही आणि गॅस डिटेक्टरसारखी सतत थोडी वीज खाणारी उपकरणं बॅटरी हळूहळू उतरवतात. बॅटरी तोडणारा स्विच बसवून घेतला की भागतं.

पण छताचं रबर आणि सीलंट यांच्यावर भर दुपारचं ऊन पडत नाही आणि पाऊसही पडत नाही. म्हणजे ज्या भागातून गळती सुरू होते तोच भाग सांभाळला जातो, आणि तोही त्याला काहीही न चिकटता, न घासता. संध्याकाळी लहर आली की शिडी लावायची, टॉर्च घेऊन छतावर नजर फिरवायची, पाच मिनिटांत खाली. कुठे सीलंट उचललं असेल तर तेव्हाच स्वच्छ करून त्यावर आपोआप पसरणारं लॅप सीलंट ओतायचं. इथे सिलिकॉन वापरू नका. त्यावर नंतर दुसरं काही नीट चिकटत नाही. निघायचं असेल तर गाडी जोडायची आणि निघायचं, कुणाला मदतीला बोलवायला नको. मोजमाप मी केलेलं नाही, पण छप्पर आल्यापासून ट्रेलर जास्त वेळा बाहेर पडतो एवढं नक्की, आणि वरचं सीलंटही पूर्वीपेक्षा मऊ राहिलेलं बोटाला जाणवतं.

राहिलं वॅक्स. एकट्याने हा उपाय अर्धाच आहे. तो जेलकोटला आणि रंगवलेल्या अ‍ॅल्युमिनियमला जपतो. छताच्या रबराशी, सीलंटशी, टायरशी त्याचा संबंध नाही. कार्नोबा वॅक्स चमक छान देतं पण उघड्यावर लवकर उतरतं, पॉलिमर सीलंट (हे फटींचं नव्हे, वॅक्ससारखं अंगाला लावायचं) त्याहून टिकतं, सिरॅमिक कोटिंग आणखी टिकतं पण त्याआधीची घासाघीस मनापासून करावी लागते. पांढरी पूड सुटलेल्या जेलकोटवर नुसतं वॅक्स थोपण्यात अर्थ नाही. आधी कंपाउंडने तो मेलेला थर काढावा लागतो. आणि ट्रेलरच्या एका बाजूचं क्षेत्रफळ किती असतं ते पॉलिशचं मशीन हातात घेतल्यावरच कळतं. जो दर पंधरवड्याला बाहेर पडतो त्याला मी हाच मार्ग सुचवेन, सोलरही चालू राहतं. वर्षाचे आठ-नऊ महिने ट्रेलर उभाच असेल तर नाही. छपराखाली ठेवणाऱ्यालाही वर्षातून एकदा वॅक्स लागतंच, फक्त ते जास्त पुरतं.

टायरची गोष्ट तिन्ही पर्यायांत सारखीच. उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, तडकतात. रबरातलं ओझोनपासून वाचवणारं रसायन टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येत राहतं. टायर उभा राहिला की ते थांबतं. म्हणून टायरला वेगळी टोपी हवीच, मोठं कव्हर असलं तरी, कारण बहुतेकांचा खालचा काठ तिथपर्यंत नीट पोचत नाही. टायरच्या बाजूवर डॉट कोडचे (DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे) शेवटचे 4 आकडे बघा, त्यात टायर कधी बनला ते असतं: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी नवी दिसते म्हणून टायर नवा नसतो. छत धुताना ईपीडीएमवर पेट्रोलियमयुक्त क्लीनर नको, रबर फुगतं. ऑनिंग (बाजूला सावलीसाठी ताणायचं कापड) कोरडी करूनच गुंडाळा. ट्रेलरचं पुढचं टोक थोडं वर किंवा खाली ठेवा म्हणजे पाणी एका दिशेला वाहून जाईल.

बर्फाळ जागा, भाड्याचं आवार, किंवा शेजारी डिंक गाळणारं झाड, अशी परिस्थिती असेल तर मीही कव्हरच घेईन. घेताना दाराच्या बाजूला चेन असलेलं घ्या आणि ती चेन तुमच्या ट्रेलरच्या दाराच्याच बाजूला येते ना, ते तपासा. छतावरच्या पन्हाळीची चार टोकं कापड फाडणारी पहिली जागा. चढवण्याआधी त्यांवर फोमच्या नळीचे तुकडे बसवा, बक्कलांखालीही जुनं मऊ कापड घाला. ट्रेलर धुऊन, पूर्ण वाळवून मगच चढवा, कारण आत राहिलेली धूळच पुढे घासते. छताचं सगळं सीलंट आदल्या दिवशी बघून घ्या, कारण त्यानंतर ते पुन्हा कधी दिसेल सांगता येत नाही. आणि आठवड्याभराने पट्टे पुन्हा आवळा. नवं कापड तेवढ्यात सैल पडलेलं असतं.