हा जियांग लूप इझी रायडरने केला: रस्त्याला पैकीच्या पैकी, गावांना काठावर पास

व्हिएतनामचा 'हा जियांग' लूप, म्हणजे उत्तरेकडच्या हा जियांग गावापासून डोंगरांतून बाइकवर केलेली गोल फेरी, बुक करायच्या विचारात असाल तर आधी लायसन्सचं बघा, बाकी सगळं नंतर. आपलं आरटीओ जे इंटरनॅशनल परमिट देतं ते १९४९ च्या रस्ते-वाहतूक करारातलं आणि व्हिएतनाम मानतं ते १९६८ च्या करारातलं, म्हणजे आपला तो कागद तिकडे शून्य कामाचा. बाइक भाड्याने देणारे बरेच जण काही विचारत नाहीत, चावी हातात देतात, पण पोलिसाने अडवलं किंवा घाटात पडलात तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न लायसन्सचाच विचारणार. आमच्या ग्रुपमधले दोघं लेह, स्पिती सगळं करून आलेले, 'मागे बसून कसली आलीय मजा' म्हणत होते, तेही शेवटी गपचूप मागे बसले.

इझी रायडर म्हणजे बाइक लोकल माणूस चालवणार, तुम्ही मागे. तीन दिवस दोन रात्री, राहणं, जेवण, पेट्रोल, रेनकोट, गुडघ्याचे पॅड सगळं धरून माणशी साधारण ४५ लाख डाँग, म्हणजे आपले पंधरा हजारांच्या आसपास. लाखांचा आकडा बघून घाबरू नका, तिकडे कॉफीलाही हजारोच लागतात. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, पॅकेज सगळ्यांचं थोड्याफार फरकाने सारखंच असतं. हनोईहून हा जियांग जवळजवळ ३०० किलोमीटर, रात्रीच्या स्लीपर बसने गेलो, पहाटे हॉस्टेलवर टाकतात, तिथे दोन तास झोप, नाश्ता, आणि निघायचं. ट्रॅफिक उजव्या बाजूने असतो, मागे बसलं तरी पहिला तासभर प्रत्येक वळणावर पोटात गोळा येतो.

रायडरबद्दल मात्र एक शब्द वाईट लिहिणार नाही. माझा रायडर विशीतला, तिथल्या ताय जमातीचा पोरगा, इंग्रजी मोजून चार वाक्यं, पण गाडीवर असला हात की विचारू नका. क्वान बा, येन मिन्ह, डोंग वान, तिथून मा पी लेंग घाट आणि मग मेओ वाक. हा रस्ता १९५९ ते १९६५ मध्ये छिन्नी-हातोड्याने फोडलाय, मशीन जवळजवळ नाहीच, आणि मा पी लेंगच्या कड्यावर तर पोरं दोराला लटकून काम करत होती. खाली न्यो क्वे नदी, हिरवीगार, इतकी खोल की मोबाइलच्या फोटोत काही येतच नाही. स्वतः चालवत असतो तर डोळे सगळा वेळ डांबरावरच राहिले असते, त्यामुळे मागे बसण्याचं आता वाईट वाटत नाही. हेल्मेट तेवढं स्वतः घालून बघून घ्या, मला दिलेलं डोक्यात नुसतं फिरत होतं, मागितल्यावर लगेच बदलून दिलं.

आता गावांचं. जाहिरातीत 'आदिवासी गावांमध्ये राहा' असं मोठं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात आमच्याबरोबर वीसेक बाइकचा ताफा, मुक्कामाला होमस्टे म्हणजे लाकडी हॉलमध्ये ओळीने गाद्या आणि पडदे, आणि रात्री कराओके. मक्याची दारू येते, 'मोत, हाय, बा, झो' (एक, दोन, तीन, चिअर्स) ओरडत ग्लास रिकामे करायचे, तरुण गोऱ्या पोरांना हेच हवं असतं आणि ते ठीकच आहे, पण ज्या घरात राहिलो त्या बाईंशी जेवण वाढण्यापलीकडे काही बोलणंच झालं नाही. ह्मोंग या तिथल्या डोंगरी जमातीच्या राजाचा वाडा सा फिन गावात बघितला, अफूच्या पैशावर उभा राहिलेला, तिथे गाइडने पंधरा मिनिटं दिली. घाटातल्या व्ह्यू पॉइंटला पाठीवर फुलांची टोपली घेतलेली लहान पोरं फोटोसाठी पैसे मागतात, देऊ नका, कारण पैसे मिळतात म्हणून ती शाळेऐवजी तिथे उभी असतात. कंपनीने हे आधी सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही.

चांगलं काय झालं ते लुंग ताममध्ये. तिथे ह्मोंग बायकांची सहकारी संस्था आहे, अंबाडीसारख्या झाडाच्या सालीचा धागा काढून कापड विणतात, निळीत रंगवतात, आपण बघत बसलो तरी कोणी घ्याच म्हणून मागे लागत नाही. आणि डोंग वानचा रविवारचा बाजार! डुकरं, कोंबड्या, मका, ह्मोंग, ताय, लो लो सगळ्या जमातींचे वेगवेगळे पोशाख, आणि हा त्यांचा स्वतःचा बाजार आहे, आपल्यासाठी मांडलेला नाही. म्हणून ट्रिप अशी लावा की रविवारची सकाळ डोंग वान किंवा मेओ वाकला येईल, आमची आली ती निव्वळ नशिबाने.

व्हेज मंडळींसाठी: 'आन चाय' (शाकाहारी) म्हणायचं, टोफू, भात, पालेभाजी, शेंगदाणे मिळतात, पण पालेभाजीतही फिश सॉस असू शकतो, कडक पाळत असाल तर विचारून घ्या. मेन मेन म्हणजे मक्याचं वाफवलेलं पीठ, कोरडं कोरडं लागतं, माझ्याकडची लसणाची चटणी त्यावर टाकली तर रायडरने निम्मी डबी संपवली.

बुक करताना व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं विचाराच: ग्रुप किती जणांचा, मुक्काम कुठल्या गावात, आणि चार दिवसांचा प्लॅन आहे का. चार दिवसांत लुंग कूचा झेंडा (५४ चौरस मीटरचा, देशातल्या ५४ जमातींसाठी) आणि त्याच्या पायथ्याचं लो लो चाय गाव निवांत होतं, तीन दिवसांत पळापळ. जुलै-ऑगस्टला दरडी कोसळतात, टाळा, बकव्हीटची (कुट्टूची) गुलाबी फुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरला, पण गर्दीही तेव्हाच. आणि जुलै २०२५ पासून हा जियांग प्रांत तुयेन क्वांगमध्ये विलीन झालाय, मॅपवर किंवा बुकिंगवर ते नाव दिसलं तर गोंधळू नका.

पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन रायडरचे.