कॅलएन्व्हायरोस्क्रीन वापरून बघितलं: पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली

भाचा बे एरियात, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, नोकरीला आला आणि ओकलंडकडे जरा स्वस्तातली खोली शोधायला लागला, तेव्हा मी त्याच्यासाठी म्हणून हा नकाशा उघडला आणि त्याची खोली बाजूलाच राहिली, मीच रात्री दीड वाजेपर्यंत बघत बसले. कॅलिफोर्निया सरकारच्या पर्यावरण खात्याचं हे टूल आहे, एकदम फुकट, लॉगिन नाही काही नाही. पत्ता टाकायचा, की तो सेन्सस ट्रॅक्ट, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेला साधारण चार हजार वस्तीचा तुकडा, प्रदूषणाचा त्रास किती भोगतोय ते रंगात दिसतं. हिरवा म्हणजे बरा, जसजसा लाल तसतसा वाईट. मी बोलतेय ते ४.० बद्दल, २०२१ ची आवृत्ती.

आत २१ गोष्टी मोजल्यात. हवेतले बारीक कण, डिझेलचा धूर, पिण्याचं पाणी, शेतातली कीटकनाशकं, जुन्या घरांतलं शिसं, मग दमा, हार्टचे आजार, कमी वजनाची बाळं, आणि त्याच्या जोडीला गरिबी, बेकारी, घरभाड्याचा बोजा. प्रदूषणाचा आकडा आणि माणसांच्या परिस्थितीचा आकडा यांचा गुणाकार करतात, बेरीज नाही, आणि हे मला फार पटलं कारण तोच धूर दम्याच्या गरीब पोराला जास्त छळतो. फक्त एक लक्षात ठेवा, येणारा आकडा पर्सेंटाइल असतो, आपल्या सीईटीसारखा. ९० आला म्हणजे ९० टक्के विष नव्हे, राज्यातल्या ९० टक्के ट्रॅक्टपेक्षा तुमची अवस्था वाईट.

आता ओकलंडच्या बंदराजवळच्या वेस्ट ओकलंडवर क्लिक करा आणि डिझेलचा आकडा बघा. ओकलंडमधून जाणाऱ्या हायवेंपैकी दोन बघा, ५८० टेकड्यांच्या बाजूने आणि ८८० खाली सपाटीवरच्या वस्त्यांमधून. ५८० च्या ओकलंडमधल्या पट्ट्यावर साडेचार टनांच्या वरच्या ट्रकना कित्येक दशकं बंदी आहे, त्यामुळे बंदराचे सगळे ट्रक ८८० वर. आणि या खालच्या वस्त्या कुणाच्या, तर काळ्या आणि लॅटिनो लोकांच्या. १९३० च्या दशकात सरकारी नकाशात याच भागांवर लाल रंग मारून घरकर्जासाठी धोक्याचे ठरवले होते. एका लाल नकाशाने या लोकांचं वाटोळं केलं आणि जवळपास नव्वद वर्षांनी दुसरा लाल नकाशा त्याच वस्त्यांकडे पैसे पाठवायला वापरतात, हे बघून मला खरंच भरून आलं.

हो, पैसे पाठवतात, चार स्टार त्यालाच दिलेत. २०१२ च्या कायद्याने ठरलं की कार्बनच्या लिलावातून, म्हणजे कंपन्यांना धूर सोडायचे परवाने विकून, येणाऱ्या पैशातला किमान २५ टक्के भाग अशा वस्त्यांच्या फायद्यासाठी जाईल, आणि २०१६ ला ते कडक करून पैसा त्या वस्त्यांच्या आतच खर्च व्हायला हवा असं केलं. कोणती वस्ती ते मुख्यतः या टूलवरून ठरतं, राज्यभरातल्या जवळपास ८००० ट्रॅक्टमधले सगळ्यात वाईट २५ टक्के. म्हणजे रिपोर्ट काढला आणि कपाटात ठेवला असं नाही झालेलं.

मी चेंबूरची. तानसा पाइपलाइनवरची घरं तोडून लोकांना रिफायनरीशेजारी माहुलला नेऊन टाकलं, ती माणसं खोकत खोकत कोर्टात जात होती. त्यांच्या हातात असा सरकारचाच नकाशा असता तर, हा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना.

आता कापलेला स्टार. २०१३ च्या पहिल्या आवृत्तीत वंश हा सुद्धा एक निकष होता, त्याच वर्षी १.१ मध्ये तो काढला, कारण काही सरकारी संस्थांना निर्णय घेताना वंश बघायला कायद्याची आडकाठी आहे आणि त्यांनाही टूल वापरता यावं. या राज्यात १९९६ च्या प्रपोझिशन २०९ पासून सरकारी नोकऱ्या, शिक्षण, कंत्राटं यात वंशावरून झुकतं माप देता येत नाही. कारण समजतं मला, पण पटत नाही. ज्या गोष्टीमुळे ही वस्ती तिथे ढकलली गेली तीच गणितातून बाहेर! खात्याने वंश आणि स्कोअर यांचं वेगळं विश्लेषण काढलंय, त्यात काळे आणि लॅटिनो लोक जास्त स्कोअरच्या ट्रॅक्टमध्ये किती जास्त राहतात ते स्पष्ट दिसतं, पण ते वेगळं उघडून वाचावं लागतं, निधी वाटताना ते मोजत नाहीत.

आणि आपल्या ग्रुपांवर घर घेताना "लाल एरिया टाळा" म्हणून याचे स्क्रीनशॉट कृपया फिरवू नका. मीही त्याच कामासाठी उघडलं होतं, म्हणूनच कळकळीने सांगते. लॅपटॉपवर निवांत उघडा, आधी आपलं घर बघा, मग आपल्याला ऑर्डर केलेलं सामान ज्या रस्त्याने येतं त्या ८८० च्या कडेची घरं बघा.