ग्लिसरीनमध्ये मुरवलेला स्पॅनिश मॉस: हिवाळा ते पावसाळा वापरानंतरचा अनुभव

मराठवाड्याच्या हवेत स्पॅनिश मॉस सजावटीसाठी नीट टिकतो. मात्र सगळीकडे सांगतात ते एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी हे प्रमाण आपल्याकडे बारा महिने चालत नाही. हिवाळ्यात मुरवलेला माल मे महिन्याची झळ आणि नंतरचा पावसाळा बघून आल्यावर हे मत पक्कं झालं आहे. एक भाग ग्लिसरीन आणि चार भाग पाणी, यापुढे जायची गरज नाही.

आधी काय टिकवायचं ते बघू. अननसाच्या कुळातली ही बिनमुळांची वनस्पती अमेरिकेच्या आग्नेय भागापासून थेट अर्जेंटिनापर्यंत झाडांवरून लोंबते. पाणी घेते ती अंगावरच्या बारीक खवल्यांतून. खवले कोरडे असले की ती रुपेरी करडी दिसते, भिजले की खालचा हिरवा रंग वर येतो. आत घोड्याच्या केसासारखा काळा, चिवट धागा असतो. लुइझियाना आणि फ्लोरिडात पूर्वी वरचं आवरण पाण्यात कुजवून हाच धागा गाद्यांत, खुर्च्यांत आणि मोटारींच्या सीटमध्ये भरत. धाग्याची काळजी करावी लागत नाही. चुरा होऊन गळतं ते वरचं करडं आवरण, आणि सगळा खटाटोप त्याच्यासाठीच.

नर्सरीतून येणाऱ्या जुड्या जिवंत असतात. नुसत्या सावलीत टांगल्या तर कित्येक आठवडे अर्धवट जिवंत राहतात, आणि अशा जुडीत ग्लिसरीन सारखं मुरत नाही, ठिगळं पडतात. म्हणून आधी काड्या, सुकी पानं, पॅकिंगचा दोरा वेचून काढा. पाणी उकळून गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि जुडी त्यात पाच मिनिटं दाबून धरा. आतले किडे आणि अंडीही यातच संपतात. गॅसवर उकळत ठेवू नका, रंग तपकिरीकडे जातो.

पाणी कोणतं, याला इथे फार महत्त्व आहे. बोअरचं जड पाणी वापरलं की वाळल्यावर खवल्यांवर पांढरा क्षार बसतो आणि तो झटकून जात नाही. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणीच घ्या.

१०० ग्रॅम मॉसला २ लिटर द्रावण पुरतं: ४०० मिली ग्लिसरीन, १६०० मिली पाणी. ग्लिसरीन शुद्ध हवं. चेहऱ्याला लावायचं गुलाबजल घातलेलं नको. जास्त लागत असेल तर केमिकलच्या दुकानातला कॅन स्वस्त पडतो, पण तिथे वजनावर देतात आणि एक लिटर ग्लिसरीन साधारण सव्वा किलो भरतं, हे हिशोबात धरा. पाणी हाताला चांगलं गरम लागेल इतकं असावं, कारण थंड पाण्यात ग्लिसरीन तळाशी बसतं. मॉस तरंगतो, म्हणून वर ताटली आणि ताटलीवर वजन. एक दिवस, एक रात्र भिजवा. मग साध्या पाण्यातून एकदाच बुचकळून काढा म्हणजे वरचा चिकटपणा जातो, उशीच्या अभ्र्यात बांधा आणि वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये मिनिटभर फिरवा. पिळू नका, खवले घासले जातात. उरलेलं द्रावण गाळून आठवडाभरात संपवा. इतकं पातळ ग्लिसरीन बुरशीला थोपवत नाही.

वाळवणं सावलीत, दोरीवर, जुडी मोकळी करून. दिवाळी ते माघ हा सगळ्यात चांगला काळ. पावसाळ्यात हे काम काढूच नये. बाहेरून कोरडी वाटणारी जुडी आत ओली राहते आणि कुबट वास धरते.

आता महिन्यामहिन्यांचा हिशोब. नुसता वाळवलेला मॉस एप्रिलमध्येच हात लावला की झडू लागला, खाली रोज करडी पूड. एकास दोनचा मॉस उन्हाळ्यात सगळ्यात मऊ राहिला, पण कूलर सुरू झाल्यावर अडचण आली. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं आणि कूलर तर ओलच फेकतो. कूलरच्या समोरच्या भिंतीवरची जुडी चिकट झाली आणि त्यावर बारीक धूळ बसली ती कायमची. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच जुडीला घाम सुटून भिंतीवर ओघळ आले. एकास चारचा मॉस मेमध्ये थोडा ताठरला, तरी तुटला नाही, आणि पावसाळ्यात कोरडाच राहिला. रंग मात्र कोणत्याच प्रमाणात रुपेरी राहत नाही. ग्लिसरीनने खवले कायम भिजल्यासारखे राहतात, त्यामुळे छटा गडद शेवाळी येते आणि खिडकीच्या उन्हात ती पिवळट तपकिरी होते. रुपेरीच हवा असेल तर नुसता वाळवलेला घ्या आणि काचेच्या बरणीत बंद ठेवा.

रंग द्यायचा तर तो ग्लिसरीनच्या आधी द्या. खायचा रंग उजेडात लवकर उडतो. सुती कपड्यांचा डायरेक्ट रंग बरा टिकतो. तरी घाम सुटला की रंग उतरतोच. महालक्ष्म्यांच्या आराशीत रंगीत मॉस वापरणार असाल तर साडीला टेकू देऊ नका, मध्ये प्लॅस्टिकचा कागद ठेवा. त्या दिवसांत हवा दमट असते.

गरम गोंदाची बंदूक मुरवलेल्या मॉसवर उपयोगाची नाही. ग्लिसरीनचा थर गोंदाला धरू देत नाही. बारीक तांब्याची तार किंवा काळा दोरा घ्या, कुंडीत इंग्रजी यू आकाराची पिन. कोरड्या मॉसला गोंद चालतो.

समई, निरांजन आणि उदबत्तीपासून तो हातभर लांब हवा. नुसता वाळवलेला मॉस भर्रकन पेटतो, आणि ग्लिसरीन लावलेलाही पेट घेतो. वीजमाळ लावायची तर एलईडीचीच.

धूळ काढायला हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून लांबून मारा. पाण्याने धुतलं तर ग्लिसरीन निघून जातं. सण झाल्यावर जुड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्र घालून सैल ठेवा. पुढच्या उन्हाळ्याआधी ताठ वाटल्या तर एकास दहा द्रावणाचा फवारा मारून दोन दिवस सावलीत टांगा.