आधी ‘१९८४’ वाचावी की ‘वी’?

पाळत ठेवणाऱ्या राज्यावरची एकच कादंबरी सध्या वाचणार असाल, तर ऑर्वेलची ‘१९८४’ घ्यावी की रशियन लेखक झाम्यातिनची ‘वी’ (इंग्रजीत We)? दोन्हींत डायरी लिहिणारा माणूस आहे, त्याला बंडाकडे ओढणारी बाई आहे, आणि शेवटी राज्य त्याला मोडून टाकतं. ऑर्वेलने १९४६ मध्ये ‘वी’चं परीक्षण लिहिलं होतं, त्याची स्वतःची कादंबरी १९४९ ची.

वाचायला ‘१९८४’ सोपी, यात वाद नाही. घरातल्या माणसावर नजर ठेवणारा, कधीच बंद न करता येणारा तो टेलिस्क्रीन पहिल्या दहा पानांत मानगूट धरतो. २०१३ मध्ये स्नोडेनने अमेरिकी पाळतीची कागदपत्रं उघड केली, तेव्हा लोक पुन्हा याच पुस्तकाकडे वळले. ‘वी’ मात्र सुरुवातीला जड जाते. तुटक वाक्यं, गणिताच्या उपमा, माणसांना नावांऐवजी नंबर. चाळीसेक पानं धीर धरावा लागतो.

तरी ‘१९८४’मधली एक गोष्ट मला दोन्ही वाचनांत खटकली. नायक विन्स्टन ज्या बंदी असलेल्या पुस्तकावर विसंबतो, ते लिहिण्यात आपलाही हात होता, असं त्याला छळणारा ओब्रायनच सांगतो. बंडखोरांची संघटना खरोखर आहे का, हेही शेवटपर्यंत कळत नाही. म्हणजे बंडसुद्धा सरकारनेच पुरवलेलं. ऑर्वेलला तेच म्हणायचं असेल कदाचित. पण पुस्तक मिटल्यावर माझ्याकडे नुसती भीती उरली, आणि पाळत ही कुणीतरी दुसऱ्याने आपल्यावर लादायची गोष्ट वाटत राहिली.

‘वी’त घरं काचेची आहेत. पडदा सोडायला गुलाबी तिकीट लागतं, तेही ठरलेल्या तासापुरतं. आणि निवेदक डी-५०३ याला ती काच मनापासून आवडते. इथे मी थबकलो. आमच्या सोसायटीने गेटवर ॲप आणलं तेव्हा बैठकीत सगळे म्हणत होते, ‘लपवण्यासारखं काही नसेल तर अडचण काय?’ काही महिन्यांनी स्वयंपाकाच्या मावशी मला म्हणाल्या, “दादा, मी कुणाकडे किती वाजता गेले ते सगळ्यांना फोनवर दिसतं. तुम्ही कधी आलात-गेलात ते मला कुठे दिसतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रशियन शीर्षकाचं मराठीत ‘आम्ही’ करायचं की ‘आपण’? मी ‘आपण’ म्हणेन. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर राहतो, ही कादंबरी कुणालाच बाहेर ठेवत नाही. सोव्हिएत रशियात ती १९८८ पर्यंत छापली गेली नाही, ते उगाच नाही.

शेवट इथलाही कडू आहे. डी-५०३ची कल्पनाशक्ती शस्त्रक्रियेने काढून टाकतात. पण शहराभोवतीची हिरवी भिंत फुटलेली असते, लढाई चालू असते, आणि त्याची जोडीदार ओ-९० पोटातलं मूल घेऊन भिंतीपलीकडे निसटलेली असते. तुमची आवड वेगळी असू शकेल, पण मला विचाराल तर आधी ‘वी’. निदान एकमताच्या दिवसाच्या प्रसंगापर्यंत तरी वाचा. दरवर्षी एकमुखाने नेता निवडायचा तो दिवस. यंदा ‘विरोधात कोण?’ असं विचारलं जातं आणि हजारो हात वर होतात.

आमच्या बैठकीतही हे विचारलं होतं. तेव्हा माझा हात मांडीवरच होता.