अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचे प्रक्षेपण: चित्र स्वच्छ, यादी गोंधळाची

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात नागपुरात पहाटे साडेपाचला दिसतो. धरमपेठेतल्या आमच्या घरी त्या वेळी हे कॉलेज सामने दाखवणाऱ्या या सेवेचे चित्र हंगामभर एकदाही अडखळले नाही, हे मनापासून नमूद करतो. खटकते ती यादी. सामने कॉन्फरन्सनुसार, म्हणजे कॉलेज संघांच्या गटांनुसार, लावलेले आहेत, आणि २०२४ पासून कॅलिफोर्नियाचे स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, तर लॉस एंजेलिसचे यूसीएलए न्यू जर्सीच्या रटगर्ससोबत बिग टेन कॉन्फरन्समध्ये असल्यामुळे, गजर पूर्व किनाऱ्यासाठी पहाटेचा लावायचा की पश्चिम किनाऱ्यासाठी साडेआठचा, हे त्यावरून कळत नाही. प्रदेश आणि संघाची ताकद पाहून वर्गवारी करावी. २०१७ आणि २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना खेळलेला गोन्झागा विद्यापीठाचा संघ केवळ त्याच्या कॉन्फरन्समुळे यादीच्या तळाशी शोधावा लागतो, याचे फार वाईट वाटते.