वेळेच्या खुणांची १ लिटर बाटली: म्हाताऱ्या माणसांसाठी घेताय तर आधी झाकण बघा

तीन स्टार देतेय, तेही खुणांमुळे.

आम्ही अकोल्याचे, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, आणि सासूबाईंना कधीही विचारा पाणी घेतलं का, उत्तर ठरलेलं, "आत्ताच तर प्यायले गं." वय झालं की तहानच नीट लागत नाही, त्यात त्यांची बीपीची गोळी लघवी जास्त करवणारी, म्हणून ही ऑनलाइन मागवली. सकाळी ७ ते संध्याकाळी ७, दर दोन तासांना एक रेघ. कामावरून आलं की एका नजरेत कळतं पोटात किती गेलंय, विचारपूस नको की वाद नको. एवढं मात्र झकास.

आता झाकण. बटण दाबून उघडायचं, आणि बटण इतकं कडक की संधिवाताच्या बोटांनी उघडूच शकत नाही, माझाच अंगठा दुखतो. भरली की सव्वा किलोच्या घरात जाते, हात थरथरतो, पाणी पदरावर. अक्षरं पांढरी, तीही इंग्रजीत, पाणी भरलं की मोतीबिंदूवाल्या डोळ्यांना काय दिसणार? स्ट्रॉ धुवायला ब्रश दिलेला नाही, एकदा ताक भरलं तर वास जाता जाईना.

आणि खरी अडचण बाटलीने सुटतच नाही. रात्री बाथरूमला उठावं लागतं, पडायची भीती, म्हणून त्या मुद्दामच कमी पितात. आम्ही पॅसेजमध्ये नाइट लॅम्प लावला, जास्तीचं पाणी संध्याकाळच्या आत, प्रत्येक गोळीबरोबर पूर्ण ग्लास. पन्हं, ताक, टरबूज, पातळ वरण, हे सगळं पण पाण्याच्या हिशोबातच धरा.

बाटलीसोबत फ्री म्हणून ऑरेंज पावडरची पुडी आली, ती ओआरएस समजून देऊ नका. खऱ्या डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याच्या १ लिटरच्या पाकिटात ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असतं, ते जुलाब-उलट्यांसाठी, बीपी-शुगरवाल्यांनी रोजचं सरबत म्हणून पिण्यासाठी नाही. हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर पाणी मोजूनच सांगतात, तिथे "लिटर संपवाच" करत बसू नका.

परत घेईन का? ही नाही. अर्ध्या लिटरचा, दोन कानांचा, मोठ्या काळ्या मराठी आकड्यांचा हलका मग कुणी विकत असेल तर लिंक टाका, लगेच ऑर्डर करते.